गाडी काल रात्रीच गेली, आणि सुट्ट्यांच्या बाकी तक्रारी

मागच्या अंकात आम्ही सहज म्हटलं होतं की उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमचं काय फसलं, कुठे मजा आली ते लिहून पाठवा, जमेल तसं उत्तर देऊ. पत्रं एवढी आली की माझ्या टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा उरली नाही. मी नागपुरात सीताबर्डीवर तिकिटं आणि टूरच्या काउंटरमागे बावीस वर्षं काढलीत, त्यामुळे वाचताना दर तिसऱ्या पत्राला वाटलं, अरे हे तर मी ऐकलंय, फक्त माणूस बदललाय. आपण मधोमध राहतो, झीरो माईलचा दगड आपल्याकडे, याचा आपल्याला फार अभिमान असतो, पण सुट्टीच्या हिशोबात त्याचा अर्थ एवढाच निघतो की समुद्र, बर्फ, वाळवंट सगळं आपल्याला सारखंच लांब आहे. निम्मी सुट्टी रस्त्यातच जाते आणि निम्म्याहून जास्त घोटाळे पण तिथेच होतात, पत्रं वाचून तुम्हाला कळेलच.

ताई, आम्ही नऊ जण पुण्याला जाऊन तिथून महाबळेश्वर करणार होतो. तिकिटावर १२ मे, गाडी ००.४० ची. आम्ही १२ तारखेला रात्री जेवून-बिवून, सासऱ्यांना इन्सुलिन देऊन, अकरा डाग घेऊन साडेअकराला स्टेशनवर हजर. गाडी आली, चढलो, तर आमच्या बर्थवर दुसरेच लोक झोपलेले. मिस्टरांनी त्यांना उठवून वर्धा येईपर्यंत भांडण केलं. मग टीसी आला, त्यानं तिकीट पाहिलं आणि म्हणाला, काका, तुमची गाडी काल रात्रीच गेली. पैसे परत मिळतील का? आणि चूक कोणाची, कारण मिस्टर अजूनही म्हणतात रेल्वेची. — नऊ जणांची सून, मानेवाडा

पैसे गेले, ते विसरा. गाडी सुटून गेल्यावर कन्फर्म तिकिटाचं काही होत नाही. परत मिळायची एक वाट असते ती म्हणजे गाडीच तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्ही चढला नाहीत तर, आणि तेव्हासुद्धा गाडी तुमच्या स्टेशनवरून सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरावा लागतो. तुमच्या केसमध्ये गाडी वेळेवर होती, लेट तुम्ही होता, तेही चांगले २३ तास.

चूक मिस्टरांची आहे, पण त्यांना फार बोलू नका, कारण ही चूक आपल्या हाडात आहे. आपल्याकडे दिवस उगवतो सूर्यासोबत. पंचांगात सुद्धा उगवतीला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. रात्री साडेबाराला कोणी विचारलं आज काय वार तर आपण आदल्याच दिवसाचा वार सांगतो, झोपून उठल्याशिवाय उद्या येतच नाही. रेल्वेचा दिवस मात्र रात्री १२ ला बदलतो. म्हणून ००.०५ ते पहाटे चारपर्यंतची कोणतीही गाडी असली की मी गिऱ्हाइकाच्या तिकिटावर पेनानं मोठ्ठं लिहून द्यायची, "११ च्या रात्री जेवून निघा". जेवून निघा हे महत्त्वाचं, कारण तारीख कोणी वाचत नाही, जेवण सगळ्यांना कळतं. तुम्ही आता मोबाईलवर तिकीट काढता म्हणून हे लिहून द्यायला कोणी उरलं नाही, तर घरच्या कॅलेंडरवर आदल्या रात्रीला गोल करून ठेवा.

याच तारखेच्या भानगडीत आपला एक फायदा पण लपलेला आहे तो सांगते, कारण नागपुरात निम्म्या लोकांना माहीत नसतो. आता रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० दिवस होतं. पण हे ६० दिवस मोजतात ते गाडी जिथून निघते तिथल्या तारखेवरून. आपल्याकडून जाणाऱ्या कितीतरी गाड्या हावड्याहून नाहीतर आणखी कुठून आदल्या दिवशी निघून आपल्याकडे दुसऱ्या तारखेला येतात, म्हणजे आपल्यासाठी बुकिंग एक दिवस लवकर उघडतं. तत्काळचं पण तसंच. लोक आदल्या दिवशी सकाळी एसीसाठी १० ला आणि स्लीपरसाठी ११ ला मोबाईल घेऊन बसतात आणि तिकिटं त्याच्याही आदल्या दिवशी संपलेली असतात. आणि मधल्या स्टेशनचा तोटाही ऐकून ठेवा. वेटिंगमध्ये जीएनडब्ल्यूएल, म्हणजे गाडी जिथून निघते तिथलं वेटिंग, असेल तर आशा ठेवा, आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल, म्हणजे मधल्या स्टेशनांचं, असेल तर बसचं पाहून ठेवा, ते फार कमी पुढे सरकतं. वेटिंगवर स्लीपर किंवा एसीत चढून पुढे पाहू म्हणायचे दिवस तर आता गेलेच.

भांडण ज्यांच्याशी झालं त्यांना उठवल्याबद्दल सॉरी म्हटलं का नाही ते तुम्ही लिहिलं नाही.

सासूबाई पहिल्यांदा विमानात बसल्या. या वर्षीचं आंब्याचं लोणचं, ताजं घातलेलं, गोव्याच्या नणंदेसाठी, बरणी त्यांनी मांडीवर घेतलेली. सिक्युरिटीनं काढून घेतली. सासूबाईंनी तिथेच त्याला सांगितलं की निदान तू तरी खा बेटा, फेकू नको. पूर्ण ट्रिपभर मला ऐकवलं की तुला माहीत होतं तर सांगितलं काहून नाही. मला खरंच माहीत नव्हतं. — लोणच्याची गुन्हेगार, त्रिमूर्ती नगर

लोणचं, तूप, तेल सुटलेली कोणतीही गोष्ट हातातल्या बॅगेत नको, ते सामान म्हणून जे आत देता त्यात द्या, आणि बरणीत नाही, दोन-तीन पिशव्यांमध्ये घट्ट बांधून, मग डब्यात, मग जुन्या टॉवेलात. नाहीतर गोव्यात पोहोचल्यावर सगळ्यांच्या कपड्यांना मेथी-मोहरीचा वास. पॉवर बँकचं बरोबर उलटं, ती हातातल्याच बॅगेत. आणि नवस फेडून येताना सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणता त्या सामानाच्या बॅगेत चालत नाहीत, त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून. जवसाची चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या, चिवडा, संत्रा बर्फी, यांना कोणी हात लावत नाही.

"तू तरी खा बेटा" हे मात्र मला फार आवडलं. सासूबाईंना नमस्कार सांगा.

आम्ही चार मित्र नवी गाडी घेऊन कोकणात गेलो, दापोलीच्या पुढे. बीचवर अजून दोन-तीन गाड्या उभ्या होत्या म्हणून आम्ही पण खाली उतरवली, फोटो काढले, मग शॅकमध्ये जेवायला बसलो. दीड-दोन तासांनी येऊन पाहतो तर पाणी चाकांपर्यंत आलेलं आणि गाडी वाळूत बसलेली. बाकी गाड्या कधीच्या निघून गेल्या होत्या. ट्रॅक्टरवाल्यानं ओढून काढली, त्यानं जे पैसे घेतले ते घरी सांगितले नाहीत. आता गाडीतून आवाज येऊन राहिला. काय करावं, आणि समुद्र असा अचानक कसा काय येतो? — चौघांपैकी जो गाडी चालवत होता तो, हुडकेश्वर

भावा, समुद्र अचानक येत नाही. तो दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा जातो, आणि हे तिथल्या शेंबड्या पोराला पण माहीत असतं, फक्त फुटाळ्याच्या काठावर वाढलेल्या माणसाला नसतं कारण फुटाळ्याचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. बाकीच्या गाड्या निघून गेल्या तेव्हाच कोणीतरी तुम्हाला हाक मारायला पाहिजे होती, पण जेवताना आपण हाक ऐकतो थोडीच.

आता नीट ऐका, कारण कोकणात जाणाऱ्या प्रत्येक वैदर्भी माणसाला हे पाठ पाहिजे. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास आणि थोडी मिनिटं, पुन्हा ओहोटीपासून भरतीपर्यंत तेवढीच. रोज ही वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून काल चारला बीच मोकळा होता म्हणजे आठवड्यानं पण चारला मोकळाच असेल असं होत नाही. कोकणातले लोक तिथीवरून हिशोब करतात, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याचा पाऊणपट काढायचा. अष्टमी असेल तर आठाचा पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या आसपास पूर्ण भरती, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावस्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकराच्या पुढेमागे. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण गाडी वाचवायला पुरतो. आणि पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी नेहमीपेक्षा खूप वर चढतं, अष्टमीच्या सुमारास त्यामानानं कमी, त्याला भांगाची भरती म्हणतात. तुम्ही तारीख लिहिली आहे ती मी कॅलेंडरमध्ये पाहिली, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. मग काय. तुमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय आहे का? त्यात होतं सगळं.

गाडीचं सांगते. खारं पाणी कुठे कुठे गेलं कोणाला माहीत, म्हणून आधी खालून गोड्या पाण्यानं प्रेशर मारून धुवून घ्या, ब्रेक आणि बेअरिंग उघडून दाखवा, वायरिंगचे जॉइंट तपासायला सांगा. मीठ गंज लावतं आणि ते सावकाश लावतं, आज आवाज आहे, दिवाळीपर्यंत भोक असेल. पाणी इंजिनपर्यंत गेलं असेल अशी थोडी जरी शंका असती तर सेल्फ मारायचाच नव्हता, आत पाणी असताना इंजिन फिरलं की रॉड वाकतात. आणि विम्याचा कागद काढून पाहा, इंजिन प्रोटेक्ट नावाचा जास्तीचा कव्हर घेतला नसेल तर पाण्यानं गेलेल्या इंजिनाचे पैसे सहसा मिळत नाहीत. पुढच्या वेळी गाडी रस्त्यावर ठेवा आणि पायी जा, फोटो तेवढेच चांगले येतात.

आणि चौघंही पोहायला उतरला होता का? कारण गाडीपेक्षा मला त्याची भीती वाटते. आपल्याला विहिरीतलं नाहीतर अंबाझरीच्या टँकमधलं पोहणं येतं. समुद्रात परतीचं पाणी ओढून नेत असेल तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही, दम संपतो, किनाऱ्याला समांतर आडवं पोहत त्या ओढीतून बाहेर यायचं आणि मग लाटेसोबत किनाऱ्याकडे. हे वाचून कोणाला येत नाही, म्हणून कमरेच्या वर जाऊच नका.

चिखलदरा की पचमढी? मे महिना, लहान मुलं सोबत. — आई, जरीपटका

पचमढी. चिखलदऱ्यात मे महिन्यात धबधब्याच्या जागी दगड असतात, मी गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये जा, धुक्यात गाविलगड पाहा, भीमकुंड पाहा, आणि तिथली कॉफी प्या, महाराष्ट्रात कॉफीचे मळे तिथेच आहेत. घाटात मुलांना उलट्या होतात, परतवाड्याला पोट भरून खाऊ घालू नका.

ताई, आमच्यासोबत लय मोठा गेम झाला. ताडोब्याची सफारी आणि रिसॉर्ट दोन्ही एका एजंटनं करून दिलं. रिसॉर्ट मोहर्लीला, एकदम झकास. पहाटे साडेचारला उठून तयार होऊन बसलो तर कळलं सफारी कोलारा गेटची आहे. आम्हाला वाटलं असेल पाच मिनिटांवर. ड्रायव्हर म्हणे मॅडम, ते जंगलाच्या त्या बाजूला आहे. सफारी बुडाली. दुसऱ्या दिवशी पैसे देऊन बफरमध्ये, म्हणजे जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्यात, गेलो, वाघ नाही, फक्त रानगवे आणि एक अस्वल. मुलगा रडला. — वाघाविना, नंदनवन

ताडोबा म्हणजे महाराजबाग नाही की एका गेटमधून गेलं काय अन दुसऱ्यातून गेलं काय. नुसता कोअरच, म्हणजे आतला गाभा, ६२५ चौरस किलोमीटरचा आहे, आणि गेटं त्याच्या चहूबाजूंनी. मोहर्ली चंद्रपूरकडून, कोलारा चिमूरकडून. नागपूरहून जाणाऱ्याला उमरेड-भिवापूर करत कोलारा बरं पडतं, मोहर्लीला जायला वरोरा-भद्रावती किंवा चंद्रपूर. तर आधी सफारी काढायची, कोणतं गेट मिळालं ते पाहायचं आणि मग त्या गेटजवळ रूम घ्यायची, आपण नेहमी उलटं करतो कारण रूमचे फोटो छान असतात. सफारीचं बुकिंग वन विभागाच्या सरकारी साइटवरूनच करा, तशाच नावाच्या दहा साइट आहेत. ज्या ओळखपत्राचा नंबर दिला तेच कार्ड खरंखुरं हातात पाहिजे, मोबाईलमधला फोटो नको, मोबाईल तर आत नेऊच देत नाहीत. मंगळवारी कोअर बंद, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर पण बंद, तेव्हा फक्त बफर.

एजंटकडून सफारीचे पैसे मागा, लेखी मागा, दोन गेटं त्यानं बुक केलीत तर चूक त्याची आहे.

पण अस्वल दिसलं आणि मुलगा रडला याचं मला वाईट वाटलं, अस्वलासाठी. मी स्वतः अकरा वेळा गेले त्यात वाघ चारदा दिसला आणि अस्वल एकदा, तेही पाठमोरं. मुलाला सांगा की तुझ्या वर्गात वाघ पाहिलेले दहा असतील, अस्वल पाहिलेला तू एकटाच.

मिस्टर म्हणतात समृद्धीनं मुंबई आठ तासांत, मध्ये थांबायचं नाही, सकाळी भावाकडे सावजी जेवण करून अकराला निघू, संध्याकाळी सातला मुंबई. सोबत ७० वर्षांचे सासरे. मला भीती वाटते पण माझं कोण ऐकते. — बाजूच्या सीटवरची, वर्धा रोड

त्यांना हे वाचून दाखवा. रस्ता ७०१ किलोमीटर आहे, ५ जून २०२५ पासून पूर्ण उघडला, म्हणजे शिवमडक्याला चढलात की थेट ठाण्याजवळ आमण्याला उतरता. त्यानंतर मुंबई सुरू होते आणि तिथे तुमचे आठ तास दहा होतात, ते मिस्टरांनी धरलेलेच नाहीत. कारला १२० ची मर्यादा आहे. १२० नं गाडी एका सेकंदाला ३३ मीटर जाते, चार सेकंद डोळा लागला तर १३३ मीटर गाडी बिनड्रायव्हरची. आणि डोळा लागतोच, कारण रस्ता सरळ, सिग्नल नाही, गाव नाही, शिव्या द्यायला समोर ऑटो नाही, एकसुरी घरघर, त्यात पोटात सावजी मटण. मी तर म्हणेन त्या रस्त्यासाठी झणझणीत रस्सा हा सगळ्यात धोकादायक माल आहे. सकाळी पोहे खा, तर्री कमी घ्या, पाचला निघा, दर दोन तासांनी उतरा, सासऱ्यांचे पाय सुजतात त्यांना पाच मिनिटं चालवा, ड्रायव्हर बदला. आणि बाजूच्या सीटवर तुम्ही झोपायचं नाही, तुमचं काम बोलत राहायचं आहे, भांडलात तरी चालेल.

टायर पाहून निघा. टायरवर शेवटी चार आकडे असतात, समजा २३१९, म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. जुना असेल तर उन्हाळ्यात काँक्रीटवर त्याची परीक्षा घेऊ नका. आणि उन्हात हवा फुगते म्हणून आधीच कमी भरून निघायचं असं जे सांगतात त्यांचं ऐकू नका, कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. कंपनीनं सांगितलेली हवा, सकाळी टायर थंड असताना.

खूपच घाई असेल तर विमानानं जा, नाहीतर रात्रीची गाडी आहेच, झोपून जा, बारा-साडेबाराची असेल तर तारीख पाहा.

मुलगा-सून लेहला गेले. दोन दिवस फोन बंद. आम्ही दोघं म्हातारे, टीव्हीवर कुठे दरड कोसळली की धस्स व्हायचं. तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या वायफायवरून फोन आला, म्हणे बाबा आमचं सिमच चालत नाही, आणि सुनेचं डोकं एवढं दुखत होतं की उठवत नव्हतं. एवढा खर्च करून असं का? — काळजीवाले आजोबा, अजनी

आजोबा, आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालतच नाही, पोस्टपेडच लागतं. एका तरी माणसाचं पोस्टपेड करून घ्यायचं, आणि निघायच्या आधी घरी सांगायचं की दोन दिवस फोन नाही लागला तर घाबरू नका. हे सांगत नाहीत मुलं, यांना वाटतं आपण काळजी करतच नाही.

डोकेदुखीचं कारण साधं आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर थोडंसं, लेह ३५०० मीटर, आणि विमान तुम्हाला दोन-चार तासांत तिथे नेऊन ठेवतं. शरीराला वेळच मिळत नाही. पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, पाणी प्यायचं, दारू-सिगरेट नाही, आणि खारदुंगला खिंडीत तर त्या दोन दिवसांत बिलकुल नाही. गोळी घ्यायची असेल तर इथूनच डॉक्टरांना विचारून. डोकं दुखण्यापलीकडे खोकला, धाप, चालताना झोक जायला लागला तर दवाखाना आणि लगेच खाली उतरणं, उद्या पाहू म्हणायचं नाही. मुलं दोन दिवस हॉटेलात काढायला तयार नसतात कारण पॅकेज पाच दिवसांचं असतं. तुम्हाला तीन साइट कमी पाहायला मिळाल्या तर काय बिघडतं, पण हे त्या वयात पटत नाही, मला पण पटलं नव्हतं.

बारा दिवसांनी घरी आलो. कूलर लावला तर डासांचा थवा अंगावर आणि खालच्या टाकीत वळवळ. आता सगळ्यांना ताप येईल का? — घाबरलेले, दिघोरी

ताप येईलच असं नाही, पण पुढच्या दोन आठवड्यांत कोणाला आला तर रक्त तपासा. कूलरची टाकी म्हणजे डेंगीच्या डासाचं पाळणाघर, अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात आणि तुम्ही बारा दिवस दिलेत. निघताना टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करायची आणि ब्रशनं घासायची, नुसतं पाणी सोडून भागत नाही, अंडी भिंतीला चिकटून कित्येक महिने कोरडी टिकतात आणि पाणी आलं की फुटतात. गवताच्या ताट्या पण बदला. फ्रीजचं तुम्ही विचारलं नाही म्हणजे लाइट गेली नव्हती, नशीबवान आहात.

आमचं या वर्षी कुठेच जाणं नाही, दोन मुलं, पैसे नाहीत. वर्गातल्या सगळ्यांचे मनालीचे फोटो पाहून मुलं तोंड पाडून बसलीत. — एक बाबा, इमामवाडा

रामटेकला घेऊन जा, पन्नास किलोमीटर, पहाटेच्या बसनं, नऊच्या आत गडमंदिर चढून व्हा. वर लंगूर आहेत, हातातलं प्रसादाचं पाकीट हिसकावतात, मुलांना मनालीपेक्षा हेच जास्त दिवस आठवेल. उतरून खिंडसीला नाव. दुसऱ्या एका दिवशी अजब बंगला, म्हणजे आपलं जुनं म्युझियम, १८६३ पासूनचं आहे, सोमवार सोडून. कडबी चौकाजवळ छोट्या गाडीचं, म्हणजे नॅरोगेज रेल्वेचं, म्युझियम आहे तिथे एक चक्कर. आणि रात्री गच्चीवर पाणी मारून गाद्या टाका, सगळे ओळीनं झोपा, पोरांना चांदण्या मोजू द्या. फ्लॅट असेल तर गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडून मागून घ्या, तो आढेवेढे घेईल, घेऊ द्या. आपल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पुण्या-मुंबईवाल्यांच्या नंतर, म्हणजे तेवढे दिवस जास्त आहेत तुमच्याकडे.

ताई, तुम्ही सगळ्यांना सांगता, तुमची स्वतःची ट्रिप कधी फसली का? — उत्सुक, धरमपेठ

फसली की. पहिलीच. लग्न मे महिन्यात झालं, पण तेव्हा यांना रजा नव्हती, म्हणून फिरायला श्रावणात निघालो. हे म्हणाले ऑफ सीझन आहे, पचमढी रिकामी असेल, रूम अर्ध्या भावात मिळेल, बुकिंग कशाला. छोट्या गाडीनं छिंदवाडा, झुकझुक करत, बाहेर पाऊस, मला वाटलं यापेक्षा सुंदर काय असतं. पुढे तामिया, मटकुलीवरून बस, आणि बसमध्ये चढायलाच जागा नाही. भगवे झेंडे, टाळ, डोक्यावर बोचकी, आणि सगळे आपलेच, नागपूर, वर्धा, अमरावती, कामठीचे. मी यांना विचारलं हे सगळे हनिमूनला चाललेत का? कोणीतरी मागून म्हणालं, पोरी, नागपंचमी जवळ आली, नागद्वारीची यात्रा आहे. वर्षातून एकदाच तो रस्ता उघडतो, आणि आम्ही दोघं नेमके त्याच आठवड्यात, बिनबुकिंगचे.

पचमढीत एक खोली नाही. धर्मशाळा भरलेली, व्हरांडे भरलेले. शेवटी आमच्याच गल्लीच्या पलीकडच्या एका मंडळाच्या तंबूत आजींनी आम्हाला ओढून घेतलं, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला माणसं, मधे पडदा. हे पडद्याच्या त्या बाजूला चार रात्री. जेवण भंडाऱ्याचं, गरम पुरी, भाजी, आणि बुंदी, पैसे कोणी घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी आजी म्हणाल्या आलीच आहेस तर चल, आणि मी नव्या साडीत, चिखलात, पावसात, लोखंडी शिड्या चढत-उतरत नागद्वार करून आले, यांची चप्पल वाटेत एका ओढ्यात गेली ती गेलीच, परत येताना पायाला गोणपाट बांधून आले.

तेव्हाचा एकच फोटो आहे आमच्याकडे, तंबूसमोरचा. त्यात आम्ही दोघं शेजारी पण नाही, मधे ती आजी उभी आहे आणि मागे चौदा माणसं, त्यातल्या एकाचंही नाव आम्हाला माहीत नाही. घरी कोणी नवीन आलं की विचारतं, हा तुमच्याकडच्या कोणाच्या लग्नातला का?